वजा न केलेला रंग

नाही नाही, काकू, उभ्या का, बसा ना — त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो, इथे खुर्चीवर बसा — आणि ती मातीची पिशवी द्या इकडे. हो, मीच करते, आजच करते, तुमच्यासमोर करते. काय म्हणालात? मशीन चुकतं का? मशीन नाही हो चुकत. म्हणजे — अगं बाई! — काही नाही, हा फ्रीज असा एकदम धडधडतो ना, सात महिने झाले मला इथे, अजून दचकते. हं, तर मशीन. हे बघा, माती पाण्यात अर्धा तास ढवळायची, मग गाळायची, आणि गाळलेलं पाणी या काचेच्या नळीत भरायचं. नळीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा. पिकाला लागणारं नत्र नायट्रेट म्हणून पाण्यात उतरलेलं असतं, ते हा प्रकाश गिळतं. पलीकडच्या बाजूला सेन्सर आहे, तो बघतो किती प्रकाश पोचला. कमी पोचला की समजायचं नायट्रेट भरपूर. एवढंच. म्हणजे एवढंच नाहीच — काचेवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा चढतो, बुडबुडा अडकला तरी चढतो, म्हणून मी तीन-तीनदा पुसते. पलीकडच्या टेबलावर स्फुरद मोजणारा तो मला हसतो, म्हणतो, बाई, काच झिजवशील.

ही होय? ही नळी... हे आजच्या मातीचं पाणी नाही, हे मागच्या — हो, तुमच्याच मातीचं. मागच्या वेळच्या. रंग बघितलात? कोऱ्या चहासारखा. तुम्ही इतकी वर्षं शेणखत, पालापाचोळा घालताय ना, त्याचा रंग उतरतो. चांगली माती आहे हो तुमची, आमच्याकडे येणाऱ्यांत इतकी चांगली नसतेच कुणाची, बाकीच्यांचं पाणी गाळलं की नळाच्या पाण्यासारखं. का काढलं परत? सहज. सकाळी तुमचा फोन आला, येतेय म्हणालात, मग म्हटलं — आम्ही तीन महिने ठेवतोच ना माती, वाळवून, डबीत — म्हटलं बघावं एकदा. नाही, आकडा काय, आकडा... आधी पाणी देऊ का तुम्हाला? उन्हातून आलात.

कोबी कसा आहे? तसाच? खालची पानं अजून पिवळीच... हो, फोनवर बोलला होतात तुम्ही. पंधरा दिवसांपूर्वी. मी काय म्हणाले होते? आठवतंय मला. नायट्रेट सेहेचाळीस आहे, पंचविसाच्या वर असलं की खताची गरज नसते, तेव्हा पाणी बघा, पाणी जास्त होत असेल. असंच म्हणाले. हो, पाणी बघा म्हणाले — मग? पाणी कोण सोडतं तुमच्याकडे? धाकटे दीर? त्यांना काय — काय केलंत? काकू, काढलंत म्हणजे? शेतातून? माझ्या बोलण्यावरून? ते म्हणत होते ना, पीक उपाशी आहे, खत मागतंय — असं म्हणाले ते? खालची पानं आधी पिवळी पडली म्हणजे नत्राची भूक, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं? आणि तुम्ही आमचा कागद त्यांच्यापुढे धरलात. चारचौघांत. पाणी सोडून झोपा काढतो आणि वर खताच्या गोष्टी सांगतो, असं म्हणालात त्यांना. मग कुठे आहेत ते आता? बहिणीकडे. किती दिवस झाले? नऊ.

थांबा हं. थांबा, मी जरा — नाही, रडत नाहीये, इथल्या औषधांचा वास झोंबतो डोळ्यांना. खोटं. काही झोंबत नाही, डिस्टिल्ड पाण्याला कसला आलाय वास.

काकू, त्या तपकिरी रंगाचं एक आहे. तोही प्रकाश गिळतो. अगदी नायट्रेटसारखाच, सेन्सरला कुठून कळणार कोण गिळतंय. म्हणून दोनदा मोजायचं असतं. दुसऱ्यांदा वेगळा प्रकाश — तो नायट्रेट गिळत नाही, पण रंग गिळतो. मग रंगाचा हिशेब पहिल्यातून वजा करायचा. मशीन आपसूक करतं ते, फक्त एक सेटिंग चालू ठेवावं लागतं. त्या दिवशी मी बंद केलं होतं. मुद्दाम! चांगल्यासाठी हो! सकाळी मी सेन्सर तपासत होते, पाच नळ्यांत ठरल्या मापाचं नायट्रेट घालून, पाणी एकदम स्वच्छ, त्यात रंग नसतोच, वजाबाकी चालू ठेवली तर उगाच आकडा थरथरतो — मला सरळ रेष हवी होती, पाचच्या पाच ठिपके एका ओळीत. आले. असे आले, की लॅबच्या सरांनी त्याची प्रिंट काढून भिंतीवर लावली. ती बघा, तीच, खिडकीशेजारी. मी इतकी खूश, की सेटिंग चालू करायचं राहिलं आणि त्यावरच दिवसभराचे नऊ नमुने मोजले. आठ जणांना काही फरक पडला नाही, त्यांचं पाणीच बिनरंगी. एकट्या तुमच्या मातीला रंग होता.

तेरा. खरा आकडा तेरा.

आज कळलं? नाही. आज कळलं असतं तर — मला चार दिवसांनीच कळलं होतं. पुढच्या सोमवारी मशीन चालू केलं आणि बघते तर सेटिंग बंद. तुमची डबी काढली, परत मोजलं, दोनदा मोजलं. नवा रिपोर्टही छापला. हा ड्रॉवर — यात आहे तो, वह्यांच्या खाली. त्याच शुक्रवारी मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं आणि ती रेष भिंतीवर. म्हटलं शुक्रवार जाऊ दे. शुक्रवार गेला, मग म्हटलं आता काय सांगणार, इतके दिवस कुठे होतीस म्हणतील. म्हटलं, काकू जुन्या जाणत्या आहेत, पानं बघून देतीलच खत. मला काय ठाऊक तुम्ही तुमच्या डोळ्यांपेक्षा माझ्या कागदावर — आणि मग तुमचा फोन आला. तेव्हाही सांगता आलं असतं. जिभेवर होतं. तोंडातून काय निघालं? पाणी बघा. चुकून नाही निघालं, काकू. चूक सेटिंगची होती. फोनवरचं चुकून नव्हतं.

शिव्या द्या मला. सरांना हाक मारू का? ते आत आहेत, मी सांगते त्यांना, आत्ता सांगते. अजून गड्डे धरले नाहीत ना? मग आज-उद्या खत घातलंत तर पीक सावरेल, हे मी जबाबदारीने — बरं, जबाबदारी हा शब्द मी नको वापरायला. लिहून देते. दोन्ही आकडे, दोन्ही तारखा, सही. हे घ्या.

काय करताय? कुणाला लावताय? सरांना नको, ते आतच — अहो, तुमच्या दिरांना? मी? मी बोलू त्यांच्याशी? काकू, मी लिहून दिलंय ना, तुम्ही दाखवा त्यांना, तुम्ही सांगा, तुमचं घरचं, मी परकी, माझा आवाजसुद्धा त्यांनी कधी — हो. हो, बरोबर आहे. तुम्ही कागद धरलात, पण लिहिला मीच होता. द्या. वाजतोय. काय म्हणू त्यांना? काका म्हणू? अजून वाजतोय, कामात असतील, मग करू या का नंतर — उचलला.

हॅलो... काका, मी...