आहुप्याचं सोनपाखरू

...आन् वर आमची लेक मलाच म्हनती, "आबा, चपला काढा!" आता सांगा पावणं, देवराईत शिरताना चपला काढायच्या, ह्ये त्या पोरीला कुनी शिकवलं? म्या! मीच शिकवल्यालं, आता वरडू कुनावर?

तुमाला सांगतो, आमची प्रतिभा इंदूरला लई मोठ्या मशिनीवर कामाला हाय. सिंक्रोट्रॉन का काय म्हनत्यात. मशीन म्हंजी काय, गोल चक्कर! खळ्यावर मळणीचा बैल फिरावा तसे इलेक्ट्रॉन गरागरा फिरत्यात, आन् वळलं की उजेड सांडत्यात... साधा न्हाई, डोळ्याला न दिसनारा! त्या उजेडानं पोरगी नखाएवढ्या काचंवर नक्षी काढती. केसाहून बारीक कड्या, रांगंत हजारो! कशापायी? तर म्हनती, "आबा, ह्या कड्या उजेडाला चकवा लावत्यात." घ्या! रानात मानसाला चकवा लागतो त्यो ठावं हाय, पर उजेडाला लावनारी आमच्याच घरात निपजली!

ह्याचं मूळ सांगू? दुसरीत व्हती. आमच्या आहुप्याच्या देवराईतून मूठ गच्च दाबून आली. उघडली तर किड्याच्या जातीचं सोनपाखरू! हिरवं, निळं, सोनेरी... फिरवावं तसं पालटतंय. म्हनली, "आबा, ह्याचा रंग बोटाला का लागत न्हाई?" आन् मी काय केलं? उत्तर दिलं? छ्या! येत व्हतं कुठं! दंड धरला, "देवाचं हाय, जिथलं तिथं ठिवून ये!" देवराईतलं वाळकं पानबी भायेर न्यायाचं न्हाई, रीतच हाय. पोरगी रडत गेली, रडत आली. त्ये रडनं, राव, तीस वर्सं माझ्या कानात हाय.

म्हून ह्या खेपंला तिच्याकडं जाताना... कुनाला सांगू नका हां... देवराईत पडल्याला सोनपाखराचा एक पंख उचलला. देवाला नारळ दिला, कान धरलं, पंख काडेपेटीत घातला, आन् घोडेगावला एस्टी बदलून, मंचरला बदलून, असं करत करत इंदूर गाठलं.

दारातच शिपाई, "बाबूजी, बाहर की कोई चीज अंदर नहीं जाएगी!" पोरीनं सांगितलं तशा चपला काढल्या, खिसं रिकामं केलं, काडेपेटी भायेरच. वर पांढरा झगा, टोपी, तोंडाला फडकं... नुसतं डोळं उघडं! आत पोरीनं काच दावली. आरं देवा! त्योच हिरवा, त्योच सोनेरी! "आबा, रंग न्हाई ह्यात. नुसती नक्षी. सोनपाखराच्या पाठीवरबी हीच गंमत. म्हून बोटाला लागत न्हाई." म्हनलं, "बाय, एक तुकडा दे, गावात दावतो." तर काय म्हनावं? "हितलं काई भायेर न्यायाचं न्हाई, आबा." मीच शिकवल्यालं, आता वरडू कुनावर?

भायेर आल्यावर काडेपेटी तिच्या हातावर ठिवली. म्हनलं, "तवा परत ठिवाया लावल्यालं, बाय. घे." तिचं डोळं भरलं. पंखावरनं बोट फिरवलं, बोट बघितलं, हसली... आन् काडेपेटी मिटून माझ्याच खिशात घातली. "देवाचं हाय, आबा. जिथलं तिथं ठिवून या."

आलो ठिवून. तवा रडत ती गेली व्हती, आवंदा मी गेलो... आन् दंड धराया कुनी न्हवतं. मीच शिकवल्यालं, राव... आता वरडू कुनावर?