हार घालायच्या आधी

…न्हाई न्हाई, तो कप तिकडंच राहू द्या, आधी ऐकून घ्या, कारण ह्या चहापायीच सगळं रामायण झालं! मी योगेश्वरीला काय बोलले होते? तर, आई, आमच्या मामांचा एक फोटो सापडू दे, तोवर मी चहा पिणार न्हाई. बोलून बसले! आता तुमाला सांगते, नवस बोलताना बाईनं जरा आजूबाजूला बघावं की न्हाई? मी सून कुणाची? माजलगावच्या जुन्या पेठेतल्या तात्याबा चहावाल्याची, म्हंजे ह्याच मामांची! ज्या घरात पाण्याच्या आधी चहा विचारतात, त्या घरात मी चहा सोडला! दुपारी चार वाजले की डोकं असं ठणकायचं, आन् आमचे हे, भारतराव, मुद्दाम माझ्यासमोर बशीत ओतून फुर्रर्र करून प्यायचे. वर म्हणायचे, "वनमाला, आज आलं लई झकास उतरलंय गं!" …तक्रार न्हाई बरं का, देवीनं भरभरून दिलं, सांगते नुसतं.

आता तुमी म्हणाल, फोटोसाठी एवढं कावून? तर आमच्याकडं मामांचा फोटोच नव्हता. एकच होता, लग्नातला, तो वाळवीनं खाल्ला. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधी मामा गेलते, हे तेव्हा चड्डीत फिरायचे, यांना काय आठवणार? हाटेलही रस्ता रुंद करताना गेलं. लोकांच्या घरी पित्राला पाटावर फोटो असतो, आमच्याकडं सुपारी. मामा म्हणून सुपारी! आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, छबुबाई, दरवर्षी त्या सुपारीपुढं ताट ठेवायच्या, हात जोडायच्या आन् उठायच्या. पण औंदा ताट ठेवलं आन् तिथंच बसून राहिल्या. म्हणलं, "काय झालं आत्याबाई?" तर म्हणाल्या, "वनमाला, मला त्यांचं तोंड इसरायला लागलंय गं. डोळे आठवले तर नाक येत न्हाई. मी वर गेल्यावर त्यांना वळखायचं कसं?"

आता सांगा, असं ऐकून कोण चहा पिईल?

बरं, देवी पण अशी की लगेच रस्ता दाखवती. यांच्या मोबाईलवर एक ग्रुप हाय, आपलं जुनं माजलगाव. पूर्वी गावात एक फोटोग्राफर होते, त्यांचा मुलगा लखन, तो आता संभाजीनगरला असतो. तो वडिलांच्या पेटीतल्या जुन्या फिल्मा मशीनवर घालतो आन् एकेक फोटो ग्रुपवर टाकतो: ओळखा पाहू, हे कुठलं? आन् मग काय विचारता! इकडं फोटो पडला की तिकडं म्हातारी पोरं भांडायला तयार! "हे किराण्याचं दुकान." "बिलकुल न्हाई, ही भांड्यांची गल्ली." "अहो, तो बैल बघा, तो आमचा बैल हाय!" पाटी बघून ओळखावं म्हणावं, तर तेव्हा पाट्या होत्या कुठं? दुकानं माणसाच्या नावानं चालायची, पाटी लावली तर वाचणार कोण? ग्रुपवर आप्पाराव सर म्हणून हायत, रिटायर मास्तर, त्यांचा शब्द शेवटचा. सर म्हणाले की संपलं. मी आपली रोज देवपूजा झाली की चष्मा लावायची आन् फोटोतल्या माणसांची तोंडं बघत बसायची. पोळ्या करपल्या, पण मी हलले न्हाई. …तक्रार न्हाई बरं का!

आन् एक दिवस आला फोटो! टोपीतला तरणाबांड गडी, मिशीला पीळ, हातात कप, शेजारी किटली. सरांनी लिहिलं, "हा तात्याबा चहावाला. शंभर टक्के." यांनी बघितलं, यांच्या डोळ्यांत पाणी! "बाबा! वनमाला, हेच बाबा! हे कान बघ, माझेच कान हायत!" कान बघितले, खरंच सारखे! आता चूक कुठं झाली? तर आत्याबाईंना आधी दाखवलं न्हाई. मोतीबिंदू नुकताच काढलेला, मोबाईलवर त्यांना काय दिसणार, म्हणलं मोठा करू, फ्रेम करू, एकदमच समोर धरू. मग मी मागं बघितलंच न्हाई. फ्रेम आणली, झेंडूचा हार आणला, सवाष्णी सांगितल्या, पुरण घातलं, फोटो पाटावर मांडला, हार घातला, कुंकू लावलं, आरती ओवाळली! आन् नवस फिटला म्हणून माझा चहा ओतला, आल्याचा, वेलदोड्याचा, कप ओठाला लावणार… तेवढ्यात आत्याबाई फोटोजवळ वाकल्या. वाकल्या, बघितलं, आन् घर दणाणलं:

"अगं ए! ह्यो तर सटवा शिंपी! ह्यानं माझी चोळी दोनदा आखूड शिवली! ह्याला कावून ओवाळताय?"

कप खाली! सवाष्णी पुरणपोळी हातात धरून थांबलेल्या! हे म्हणतात, "पण कान…" आत्याबाई म्हणल्या, "गाढवालाबी कान असतात, म्हणून ते तुझा बाप होतं का?" आन् मग, थोडा दम खाऊन, जे बोलल्या ना, त्यानं माझ्या पायाखालची जमीनच गेली. "आन् सटवा तर जित्ता हाय. उमापूरला लेकीकडं असतो."

जित्ता! आन् मी त्याच्या फोटोला हार घातलेला! कुंकू लावलेलं! पाटावर मांडून! बायांनो, जित्त्या माणसाला हार घालणं म्हंजे काय, ते तुमाला सांगायला पाहिजे का? तिथल्या तिथं मी देव्हाऱ्यापुढं बसले आन् दुसरा नवस बोलले: आई, ह्या माणसाला काही होऊ देऊ नको, तो शंभर वर्षं पुरी करीपर्यंत मी साखर खाणार न्हाई! हे मागून ओरडतायत, "अगं, थांब, जरा कमी बोल!" पण निघालेला शब्द परत येतो का?

दुसऱ्या दिवशी, हार काढून, काच पुसून, नारळ घेऊन, आमी दोघं उमापूरला. वाटेत हे एकच म्हणत होते, "देवा, दारात गर्दी नको दिसू दे." न्हाई दिसली. सटवाबाबा अंगणात बसून मोठ्यानं पेपर वाचत होते, बिनचष्म्याचे! मी सगळं खरं सांगितलं, पायावर डोकं ठेवलं. बाबांनी फ्रेम हातात घेतली… आन् असे हसले, असे हसले! "पोरी, ही मिशी बघ! ही मिशी बघायला पेठेत लोक थांबायचे! हार घातलास ना? लई चांगलं केलं, मेल्यावर पोरं घालतील का न्हाई, काय भरोसा!" लेकीनं चहा आणला. बाबांनी त्यात चार चमचे साखर घातली आन् मला म्हणतात, "घे ना!" मी आपली पाण्याचा घोट घेतला. …तक्रार न्हाई बरं का, सांगते नुसतं.

पण देवीचा खेळ बघा. निघताना बाबा म्हणाले, "ही किटली तात्याबाचीच. माझ्या दुकानी चहा घेऊन यायचा. त्याचं हाटेल वडाच्या पाराला लागून होतं, पेठेतून आलं की डाव्या हाताला."

वडाचा पार! घरी आले, मोबाईल घेतला, मागचे सगळे फोटो परत काढले. पाराचा एक फोटो होता, पण सरांनी कधीच निकाल दिलेला: "हाटेल आपल्याकडं डाव्या हाताला होतं, ह्यात उजव्या हाताला दिसतं. हा फोटो आपल्या गावचा नव्हे. शिरूर कासारचा असावा." मी म्हणलं, असू दे, बघायला काय जातं? बघते तर वटपौर्णिमेचा दिवस, बाया नटूनथटून वडाला दोरा गुंडाळतायत… आन् मला घामच फुटला. सगळ्या उलट्या फिरतायत! वड डाव्या हाताला घेऊन! प्रदक्षिणेला देव उजव्या हाताला पाहिजे, हे शेंबड्या पोरीला कळतं, आन् ह्या अख्ख्या गावच्या बाया उलट्या? मी यांना म्हणलं, "शिरूरच्या बायांना झालंय काय? अशानं सात जन्म नवरा मिळायचा की असलेला जायचा?" मग पदराकडं बघितलं, तर पदर उजव्या खांद्यावर! एकीचा असता तर म्हणलं असतं गुजरातीण असंल. सगळ्याच? पेठेत सगळ्या गुजरातणी? आन् मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाया उलट्या न्हाईत, फोटो उलटा हाय!

लखनला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, फिल्म पालथी ठेवली गेली असंल, थांबा," आन् सरळ करून पाठवला. बाया सुलट्या झाल्या, पदर जाग्यावर आले, आन् हाटेल टुणकन् उडी मारून डाव्या हाताला आलं! सरांचा फोन आला, बिचारे हसत होते: "ताई, माझं बालपण गेलं त्या पाराभोवती, पण फेऱ्या कधी घातल्या न्हाईत, म्हणून फसलो!"

ह्या खेपेला मी हार आणलाच न्हाई. आधी फोटो. मोठा करून आणला, आत्याबाईंना खिडकीपाशी उजेडात बसवलं आन् मांडीवर ठेवला. हाटेलाच्या दारात एक गडी उभा, मागं चुलीवर दूध उतू चाललेलं, आन् ह्याचं तिकडं लक्षच न्हाई, हा बघतोय पाराकडं. आत्याबाई बघत राहिल्या. मी देवीचं नाव घेतेय, हे दाराशी उभे, आपलेच कान चाचपतायत. मग आत्याबाईंनी फोटोवर अलगद बोट ठेवलं. "हे बघ नाक," म्हणल्या. "हेच नाक इसरले होते मी." आन् मग बोट सरकत सरकत पाराशी आलं, दोरा धरून खाली मान घातलेल्या एका पोरीवर. "आन् ही मी. माझ्या सात फेऱ्या होईपर्यंत असंच बघत राहायचे, येडे. दरसाली दूध उतू घालायचे."

आमी तिघं रडलो, हसलो, परत रडलो. मग मी डोळे पुसून यांना म्हणलं, "जा, हार आणा." तर आत्याबाई खेकसल्या, "खबरदार! मी हाय की त्यात! मला जित्तेपणी हार घालतीस का? त्या सटव्याला घातला तेवढा पुरे!"

झालं! फोटो सापडला, पण हार घालायची सोय न्हाई. बिनहाराचा भिंतीवर हाय. आत्याबाई सकाळी उठल्या की आधी त्याच्याशी बोलतात, दूध बघा म्हणून रागावतात. सुपारी मी देवघरात ठेवून दिली, तिनं पण लई वर्षं सेवा केली.

म्हणून आज तुमाला बोलावलं. हात जोडून एवढंच सांगते, तुमीबी घरी जाऊन एक नवस बोला. जुना डबा, जुनी पेटी उघडा, जे फोटो निघतील ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर ठेवा, त्यांचं तोंड उजळेपर्यंत आवडीचं काहीतरी सोडा. देवी देते हो, मला दिलं! फक्त हार घालायच्या आधी माणूस जित्ता हाय का, एवढं विचारून घ्या. घ्याल ना?

मग आणा आता तो माझा कप. …अगं न्हाई, न्हाई, साखर नको! साखर कारखान्याच्या गावात राहते, पण काय करू? कालच फोन केलता, सटवाबाबांना शंभरीला अजून लई अवकाश हाय, आन् ठणठणीत हायत, देवीची कृपा!