खिशातले बोल्ट

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपल्या कारखान्याचे मॅनेजरसाहेब, खास पाहुण्या म्हणून आलेल्या सत्कारमूर्तींच्या पत्नी, म्हणजे आपल्या वहिनी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या माझ्या सर्व सहकारी बंधुभगिनींनो,

आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे शिलाई मशीन दुरुस्ती विभागातले आपले फिटर, यांच्याविषयी दोन शब्द बोलायची मला आज्ञा झाली आहे. मॅनेजरसाहेबांनी 'दोन' या शब्दावर जोर दिला होता, तेही माझ्या लक्षात आहे. पण इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर काढल्यावर 'ते आले, ते म्हणाले' असं बोलताना जीभ अडखळते. वहिनींची हरकत नसेल तर मी आपला एकेरीतच बोलतो. हसताहेत, म्हणजे परवानगी मिळाली.

मंडळी, मी लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत आहे. लोकांना माझी दया आली की ते मला उचलतात. विचारत नाहीत. एका लग्नात मी मजेत गप्पा मारत होतो, तर दोन पाहुण्यांनी मला खुर्चीसकट उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवलं. का, तर मी फोटोत येत होतो! आणि या सगळ्या उचलणाऱ्यांचा मुकुटमणी कोण? आपले सत्कारमूर्ती. पायरी दिसली रे दिसली की याचे हात माझ्या काखेत. अरे बाबा, मला त्या पायरीवर जायचंय का, एवढं तरी विचार!

म्हणून आम्ही तिघांनी, मी, हा आणि तपासणी विभागातल्या आपल्या ताईंनी, परदेशी फिरायला जायचं ठरवलं तेव्हा मी एकच अट घातली. मला न विचारता कुणी उचलायचं नाही. उचललंत तर तिथून एकटा परत येईन. ताई म्हणाल्या, "मान्य." आणि हा? प्रवासभर पायरी आली की हात मागे बांधून उभा राहायचा आणि तोंड असं करायचा की येणारे-जाणारे त्याचीच चौकशी करायचे.

आता माझी ही खुर्ची यानंच बनवलेली. दणकट आहे, पण हिची घडी होत नाही. टॅक्सीत घालायची तर चाकं काढावी लागतात. आणि आपल्या वर्कशॉपचा नियम आपण जाणताच, जो मशीन उघडेल त्याच्याच खिशात बोल्ट. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हा नियम यानं विमानात बसून परदेशात नेला.

एके दिवशी समोरच्या बेटावर जायला आम्ही टॅक्सीनं धक्क्यावर पोचलो. ताईंनी मला बाकावर बसवलं, विचारून. खुर्ची एकीकडे, चाकं एकीकडे. हा म्हणाला, "आधी तिकिटं काढतो, मग चाकं लावू." गेला. तिकीटवाल्यानं बोटीकडे हात केला, तर हा जागा धरायला म्हणून थेट बोटीत! आणि बोट सुटली. डेकवर उभा राहून आम्हाला हात करतोय, "या, या!" कसे या?

याचा फोन आणि पासपोर्ट ताईंच्या पर्समध्ये. बोल्ट याच्या खिशात. तिथल्या भाषेतला एक शब्द याला येत नव्हता. आणि ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चुकामूक झाली तर जिथे असाल तिथून हलायचं नाही." म्हणजे हा त्या बेटावरून हलणार नव्हता. मरेपर्यंत हलणार नव्हता, मी याला ओळखतो.

पुढची बोट लागली. ती त्या दिवसाची शेवटची. ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "उचलू का?"

"नको," मी म्हणालो. सवयीनं म्हणालो. ताई म्हणाल्या, "बरं." आणि शेजारी बसल्या. दुसरं कुणी असतं तर एव्हाना मी बोटीत असतो. त्या खरंच बसून राहिल्या हो! तेव्हा मला कळलं की माझ्या 'नको'ला किंमत आहे. आणि मग 'हो' म्हणायला काही वाटेना.

"ताई, उचला. पण मी सांगतो तसं." दोन खलाशी आले, त्यांना मी मराठीत सूचना दिल्या, हात इथे, पाठ सांभाळा, घाई नको. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या हुकमानं उचलला गेलो. राजाच झालो म्हणा ना, मागून ताई खुर्ची आणि चाकं घेऊन.

बेटावर हा धक्क्यावरच उभा. डोळे लाल, मुठीत बोल्ट घट्ट. मला खलाशांच्या हातात बघून रडायलाच लागला. "तुला उचललं? माझ्यामुळे?" मी म्हटलं, "मीच सांगितलं, गप्प बस." मग यानं नाक पुसलं, खाली बसला आणि म्हणाला, "चाकं लावू का?"

मंडळी, हा प्रश्न यानं जन्मात कधी विचारला नव्हता. त्यानंतर मात्र थांबलाच नाही. दार उघडू का, पंखा लावू का, चहा सांगू का हे विचारू का? जीव नकोसा केला! पण उद्यापासून शेजारून ते ऐकू येणार नाही, याचं मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

आपण माझे दोनाचे दोनशे शब्द सोसलेत, त्याबद्दल अध्यक्षांचे, वहिनींचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. चेष्टेत कुणाचं मन दुखावलं असेल तर पोटात घाला. जाता जाता एकच तक्रार. मुलीकडे जाऊन नातवाला सांभाळायचं म्हणून यानं मुदतीआधीच निवृत्तीचा अर्ज दिला, तेव्हा मात्र मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी 'नको' म्हणालो असतो.