घोंगडीचा फळा

‘मुलांना गोष्टी सांगायला या,’ असं रहिमतपूरच्या बालवाडीचं पत्र येऊन महिना झाला होता. पण निवृत्त ग्रंथपाल आकारामतात्यांना चार माणसांत तोंड उघडायची धास्ती, म्हणून उत्तर राहिलं होतं. आज साताऱ्याच्या पोस्टात रांगेत त्यांच्या पुढं दोन अंगणवाडी सेविका बोलत होत्या.

“हरणाबाई, गोष्टीचा फळा कसा केलास गं?”

“फळीवर सासूची जुनी घोंगडी ताणली. लोकरी कापडाची मेंढरं कातरली, ती आपसूक चिकटत्यात.”

“माझी तर पडत्यात.”

“तू पडद्याचं गुळगुळीत कापड लावलंस, मनुबाई. ते लोकर कसं धरंल?”

“सासू बोलली न्हाई?”

“बोलली की. आता रोज पुढं बसून ऐकती.”

“मला गोष्टबी धड येत न्हाई.”

“मला तरी कुठं येती? काल लांडगा लावायचाच इसरले. पोरांनीच उठून लावला, पुढची गोष्टबी त्यांनीच सांगितली.”

तात्यांनी खिडकीवर पोस्टकार्ड घेतलं, ‘सोमवारी येतो’ एवढंच लिहिलं आणि मन फिरायच्या आत पेटीत टाकलं.