अर्क प्यायलेले उंदीर

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या मास्तरीणबाई गुडघा विसरून कान टवकारून ऐकत होत्या. शेजारच्या बाकावर कंबर धरून एक प्राध्यापक बसले होते, सोबत त्यांची सहायक.

"सर, दुखणं थांबवायला तुम्ही आपला देवदाराच्या पानांचा अर्कच का नाही घेत?"

"अगं, तो उंदरांना लागू पडलाय. मी उंदीर आहे का?"

"सर, उंदरांना चटका जाणवतो का ते बघायचं आपलं गरम पत्र्याचं यंत्र काल दुरुस्तीला दिलं. कारागीर म्हणतो, गेला महिनाभर ते तापतच नव्हतं."

"नुसतं पाणी पाजलेले उंदीर तर त्यावर टणाटण उडत होते!"

"त्यांना त्याच्या आधीच्या महिन्यात बसवलं होतं. अर्कवाले नंतरचे."

"हळू बोल! आपण छापलंय काय?"

"अर्क प्यायलेले उंदीर पत्र्यावर शांत बसून राहिले."

"मग? बसले नव्हते का?"