वहिनी आता गाणार नाहीत

आजच्या सभेच्या अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे आमच्या वादक-गायक संघाचे ज्येष्ठ सभासद, अगत्यानं आलेले पाहुणे, आणि आमच्या गाण्यांवर कधी ना कधी घामाघूम होईपर्यंत नाचलेल्या रसिकहो,

सत्कारमूर्ती माझी सख्खी वहिनी. घरी आमचं अगं-तुगं असतं, पण इथे मान राखायला हवा. दादा कीबोर्ड वाजवतो, वहिनी पुढे उभ्या राहून गायच्या आणि मी मागून कोरस. वहिनी स्वतः बोलणार नाहीत. का, ते त्यांनीच मला सांगायला लावलंय.

पार्टीतली धांगडधिंग्याची गाणी म्हणजे नुसती आरडाओरड, असं कुणाला वाटतं? मलाही वाटायचं. स्वयंपाकघरातल्या पहिल्याच तालमीत मी अशी किंचाळले, की वहिनींनी गॅस बंद केला आणि वळून म्हणाल्या, "लोकांना जोश हवाय गं, तुझा घसा नकोय." मग ओट्यावर बोटांनी ठेका धरून त्यांनी मला ते गाणं नुसतं बोलायला लावलं, अगदी संथ. शब्द ओठांवर आणि जिभेच्या टोकावर हवेत, जबडा सैल. धक्का पोटातून. दोन शब्दांच्या फटीत एवढासा श्वास चोरायचा, खांदे न हलवता. तोंडपाठ झालं, की एकेक पायरी लय वाढवायची. नाचताना गुडघे मऊ, आणि वरच्या सुराला उडी मारायची नाही म्हणजे नाही! इतक्या वर्षांत त्यांचा घसा एकदाही बसला नाही.

मग गळ्यात गाठ आली. ती काढताना आवाजाची नस दुखावली आणि एक स्वरतंतू हलायचा थांबला. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, "बोलता येईल." दादानं विचारलं, "आणि गाता?" डॉक्टर बेसिनपाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

वहिनींनी काय करायचं बाकी ठेवलं? व्यायाम केले, गरम वाफ घेतली, महिनोन्‌महिने मौन पाळलं. बाथरूमचं दार लावून त्या ठेका धरायच्या आणि बाहेर आम्हाला फक्त हवा ऐकू यायची. अर्ध्या ओळीतच दम संपायचा. तरी एका कारखान्याच्या वार्षिक पार्टीला हट्टानं उभ्या राहिल्या. "लय लागली की आवाज येईल," म्हणाल्या.

नाही आला. पहिल्याच ओळीला माइकमधून नुसता फुसफुसाट झाला. ड्रमवाल्यानं जोर वाढवला, दादानं कीबोर्डचा आवाज चढवला, मी मागून त्यांची ओळ उचलली. त्या पुढे उभ्या राहून ओठ हलवत राहिल्या, हात उंचावत राहिल्या, आणि लोक नाचत राहिले. शेवटी एक साहेब धापा टाकत आले आणि म्हणाले, "बाई, आज तर तुम्ही कमाल केलीत!" वहिनींनी हसून मान झुकवली.

गाडीत मी म्हटलं, "बरं झालं, कुणाला कळलं नाही." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. ऐकायला मला जवळ सरकावं लागलं.

"तेच तर," म्हणाल्या. "कुणालाच कळलं नाही."

त्यानंतर त्यांनी माइक हातात घेतला नाही.

अनेकांनी सुचवलं, शिकवायला लागा. मंडळी, तेही करून पाहिलं. दोन मुली यायच्या. चुकीच्या जागी जोर दिला, की वहिनी गाऊन दाखवायला तोंड उघडायच्या आणि तशाच थांबायच्या. मुलींचे डोळे भरून यायचे. वहिनींनीच त्यांना दुसरीकडे पाठवलं. काही तरी मार्ग निघेल, असं म्हणून इथे टाळी मिळवता आली असती. पण आवाज परत येणार नाही. त्यांना ते ठाऊक आहे, आम्हालाही.

आता त्यांच्या जागी मी गाते. लोक नाचतात.

सूत्रसंचालकांनी भाषणानंतर माझं गाणं जाहीर केलं आहे. ते होणार नाही, याबद्दल क्षमस्व. निघताना आरशासमोर वहिनी मला म्हणाल्या, "आज तू गाऊ नकोस. मला टाळ्या वाजवाव्या लागतील."

संघाचे, अध्यक्षबाईंचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. बाहेर चहा ठेवला आहे. वहिनींना भेटाल, तेव्हा कृपा करून त्यांना काही विचारू नका.