चारशे पानांचं जावळ

युवराज : बासष्ट हजार होतं दोघांच्या खात्यात. आत्ता निमगावात बोकडवाल्यासमोर मोबाईल काढला, तर अकराशे दाखवतंय. पैसे कुठायत, जयवंता?

जयवंता : आधी आत या. आत्यांना दारात उभं करून वरडू नका, हा वाडा न्हाय, सगळ्या चाळीला ऐकू जातंय. या आत्या, बसा. पाणी देते.

युवराज : पाणी ऱ्हाऊ दे. पैसे कुठायत?

जयवंता : भरले.

युवराज : कुठं भरले?

जयवंता : स्वरूपाच्या हॉस्टेलचं आणि मेसचं. पुण्याला. अठ्ठावन्न हजार, वर्साचं एकदम. उरल्यात तिची गादी, बादली आणि पांघरूण आणलं. पावती फडताळात हाय, बघून घ्या.

युवराज : मला न विचारता?

जयवंता : विचारलं की! पाडव्याला विचारलं. दहावीचा निकाल लागला तवा विचारलं. पुण्याच्या सरकारी कॉलेजात डिप्लोमाला नंबर लागला त्या दिवशी ताट वाढून विचारलं. तुमी काय म्हणालात? 'बघू.' तुमचं बघू-बघू संपायच्या आत शेवटची तारीख आली. मग मीच बघितलं.

मुक्ताबाई : आगं बया बया! म्हंजी माझ्या नातवाच्या जावळाचं पैसं पोरीच्या कालिजात घातलंस? आन् ह्यो माझा लेक बोकडवाल्याला खिशातलं रोख पाच हजार विसार देऊन आला की गं आज!

जयवंता : जावळाचं न्हवतंच ते, आत्या. ह्यांच्या दोन दिवाळीचा बोनस आणि माझ्या फॉल-पिकोचं पैसे. एकेका साडीमागं साठ रुपये घेते मी. डोळं गेलं माझं त्या दोऱ्यात. तवा कुणी म्हणालं न्हाय की हे बोकडासाठी चाललंय म्हणून.

युवराज : पोरींना फी माफ हाय की सरकारची. मग कसलं अठ्ठावन्न हजार?

जयवंता : फी माफ हाय म्हणून तर जमतंय. राहायचं आणि खायचं कोण माफ करतंय? का बारामतीतनं डबा पाठवू रोज?

युवराज : भावकीच्या ग्रूपवर टाकलंय मी. रविवारी जावळ, चारशे पान, आठ बोकडं. मामालोकांनी अंगठं दिल्यात, सर्जेरावतात्यांनी स्वतः फोन करून इचारलं, 'मांडव कुणाचा सांगितला?' आता त्यांना काय सांगू? त्यांनी नातवाच्या जावळाला अकरा बोकडं पाडली. माझी आठबी न्हाईत व्हय?

जयवंता : सर्जेरावतात्यांचा बावीस एकर ऊस हाय. दोन लेक नोकरीला, दारात ट्रॅक्टर. तुमचं काय हाय? एक पगार. त्यो सात तारखेला येतो आणि वीस तारखेला सरतो. पुढचं दहा दिवस मी घर कसं रेटते, ते टाकलं का कधी ग्रूपवर? शेवटच्या आठवड्यात दुधात किती पाणी असतंय ते टाकलं का? घरात न्हाय दाणा आणि मला बाजीराव म्हणा!

युवराज : तोंड सांभाळ.

जयवंता : सतरा वर्सं सांभाळलं. काय मिळालं?

मुक्ताबाई : आगं, बापयाला असं उलटं बोलत्यात व्हय? चौदा वर्सांनी पोरगा झालाय घरात. नवसाचा. त्याचं एक जावळ दणक्यात करावं वाटलं त्याला, तर काय पाप केलं? भावकीचं आपुन आजवर खाल्लंय, आता घालाय नको?

जयवंता : घाला की. पण कशातनं घालायचं, ते सांगा. आठ बोकडांचं लाखभर हुतंय. बासष्ट खात्यातलं आणि वरचं पतसंस्थेतनं उचलायचं ठरवलं होतं ह्यांनी, मला मांडववाल्याच्या बायकोकडनं कळलं! त्याचा हप्ता कोण भरणार? ज्यांनी रस्सा वरपला ती भावकी?

युवराज : मी भरीन. कमवतो मी.

जयवंता : एकटं तुमी कमवता, व्हय. पण का? मीबी कमवत हुते. कपड्याच्या कंपनीत शिलाईला जात हुते, अकरा हजार घेत हुते. शंभू झाला आणि आत्या काय म्हणाल्या? 'नवसाचं लेकरू पाळणाघरात टाकायचं न्हाय.' तुमी काय म्हणालात? 'आई म्हणतीय ते बरोबर हाय.' माझा पगार बंद केला दोघांनी मिळून, आणि आता एका पगाराच्या घरात तीन पगाराची जेवणावळ घालताय!

मुक्ताबाई : मग काय चुकलं माझं? दृष्ट लागती लेकराला.

जयवंता : दृष्ट लागत आसंल. पण त्या दिवसापासनं स्वरूपानं नवं दप्तर घेतलं न्हाय. सायन्सचा क्लास लावला न्हाय. शेजारच्या प्राचीची पुस्तकं खालच्या पायरीवर बसून वाचली आणि ब्याण्णव टक्के पाडले. तिनं एकदा तरी हट्ट केला का, आत्या? सांगा ना, केला का?

मुक्ताबाई : पोरगी गुणाची हाय, मी कुठं न्हाय म्हणते? पण शिकून पगार लागला तर त्यो तिच्या सासरीच जाणार न्हवं?

जयवंता : जाऊ द्या. तिच्या हातात तर येईल आधी! माझ्यावानी आमटीतला कूट मोजत तर न्हाय बसायची.

युवराज : बास झालं. ही घेतली पावती फडताळातनं. आठ दिवसांच्या आत रद्द केलं तर पैसे माघारी मिळत्यात, लिव्हलंय खाली. फॉर्मवर पालक म्हणून माझं नाव हाय. उद्याच पुण्याला जातो आणि पैसे घेऊन येतो. हॉस्टेल पुढच्या वर्सी बघू.

जयवंता : पुढच्या वर्सी सीट ऱ्हातीय का? नंबर काय बसमधल्या रुमालावानी असतोय का, टाकला की जागा आपली?

युवराज : हितल्या हितं काहीतरी शिकंल. बारामतीत काय कमी कॉलेजं हायत? पण रविवार चुकवायचा न्हाय मला. माझी इज्जत हाय ती.

जयवंता : मग आणा पैसे. आणा आणि बोकडं कापा. पण कशाचं जेवण म्हणून सांगणार लोकांना?

युवराज : कशाचं म्हंजी? जावळाचं!

जयवंता : जावळ झालं.

युवराज : काय?

जयवंता : जावळ झालं शंभूचं. आज. तुमी पहिल्या पाळीला गेलात, आत्या कालच बोकडं ठरवाय निमगावाला गेलेल्या, आणि मी सव्वासातची इंदापूर गाडी धरली. तिथनं नरसिंहपूर. संगमावर न्हाव्याला दोनशे रुपये दिले, एक नारळ फोडला, केस नदीत सोडले. देव तुमचाच हाय, परक्याचा न्हाय. साडेतीनला घरात. खाली यशोदाकाकूंकडं स्वरूपासंगं खेळतोय, जावा, बघून या.

युवराज : तू... तू जावळ काढून आलीस? चारशे लोकांना बोलावलंय मी आणि तू दोनशे रुपयात...

जयवंता : तीनशे नव्वद. नारळ आणि तिकिटं धरून. स्वरूपाचं आणि माझं अर्धं तिकीट, शंभूला पडलं न्हाय.

मुक्ताबाई : आरं देवा! मुहूर्त न्हाय, मामा न्हाय, भावकी न्हाय! मी बघून येते माझ्या लेकराला. काय केलंय बयेनं कुणास ठाऊक.

(मुक्ताबाई जिना उतरून खाली जातात.)

युवराज : घटस्फोटाची कामं हायत ही, जयवंता. सांगून ठेवतो. दुसरा कुणी असता तर हात उचलला असता.

जयवंता : तुमी उचलला न्हाय, एवढं तरी बरं केलंत. उचलला असता तर ही बॅग स्वरूपाची एकटीची भरली नसती मी.

मुक्ताबाई : (परत वर येऊन) चकोट केलंय गं डोस्कं. शेंडी तेवढी ठिवलीया, तेवढी अक्कल हुती म्हणायची. जयवंता, मांडीवर कोण बसलं हुतं? तुझा भाऊ आला हुता का?

जयवंता : न्हाय. भावाला बोलावलं असतं तर त्याला शंभूला चांदीचा करदोडा, मला साडी, ह्यांना पोशाख करावा लागला असता. त्योबी एकटाच कमावतोय, त्याच्याबी घरात पाच तोंडं हायत. त्याला कशाला खड्ड्यात घालू?

मुक्ताबाई : मग?

जयवंता : स्वरूपा बसली.

मुक्ताबाई : भणीच्या मांडीवर जावळ? कुठं ऐकलंय का असलं?

जयवंता : आजच ऐकलं. आत्या, तीन वर्सं त्याला मांडीवर तिनंच घेतलंय. मी मशीनवर बसले की त्यो तिच्याकडं असायचा, एका हातात पुस्तक आणि एका हातात ह्यो. मामानं तीन वर्सांत तीनदा बघितलाय त्याला. मग मान कुणाचा हुतो?

मुक्ताबाई : रडला का लई?

जयवंता : वस्तरा बघून आधी वरडला. मग तिनं त्याचं दोन्ही डोळं झाकलं आणि एक ते शंभर आकडं म्हणत बसली. साठाला उरकलं.

युवराज : आई, तू काय रडला का इचारत बसलीस? ग्रूपवर काय लिहू ते सांग!

मुक्ताबाई : लिव्ह की, देव सपनात आला. म्हणाला, मला मटण नको, नुसता नारळ पायजे. नरसिंहाची आज्ञा झाली म्हणल्यावर कोण काय बोलंल?

युवराज : व्हय. हे बरं हाय. तसंच लिव्हतो.

जयवंता : खबरदार! देवावर ढकलायचं न्हाय. मी केलंय, माझं नाव लिहा. जमत नसंल तर खरं कारण लिहा. लिहा की पोरीला पुण्याला घातली, म्हणून जेवण रद्द.

युवराज : हसतील लोकं.

जयवंता : हसू द्या. चार दिवस हसतील. त्यांना तुमच्या पोरीचं नाव तरी कळंल. आजवर शंभूचाच बाप म्हणून वळखतात तुम्हाला.

युवराज : आणि विसाराचं पाच हजार? ते बुडालं ना तुझ्या हट्टापायी!

मुक्ताबाई : न्हाय बुडत. बोकडवाला माझ्या म्हायेरचा हाय, त्याच्या आज्याला मी मामा म्हणायची. सकाळच्या गाडीनं मी जाते आणि पाची हजार काढून आणते. आणि ऐक गं जयवंता, तुझ्यासंगं मी दिवाळीपतोर बोलणार न्हाय. माझ्या नातवाच्या डोस्क्याचा एक केस न्हाय बघितला मी. पण कष्टाचं पाच हजार कुणाच्या बापाचं न्हाईत.

जयवंता : नका बोलू, आत्या. चहा तरी घ्या.

मुक्ताबाई : घालतीस तर घाल. दूध पुरं घाल. पाणी नगं.

युवराज : दोघी मिळून ठरवून टाकलं. मला कुणी इचारायचंच न्हाय, व्हय ना? घरात मी कोण?

जयवंता : विचारतेय की. आत्ता विचारतेय. सोमवारी सकाळी सहाची पुण्याची गाडी हाय. हॉस्टेलात पोरीला सोडायला आई आली तरी चालतंय, बाप आला तरी चालतंय. तिनं काल रात्री मला विचारलं, 'पप्पा येतील का?' मी काय सांगू तिला?

युवराज : सोमवारचं बघू.

जयवंता : तिला 'बघू' सांगायचं न्हाय मला.

युवराज : रजा शिल्लक न्हाईत माझ्या. शंभूच्या आजारपणात संपल्या. सोमवारी गेलो तर खाडा पडंल. साडेआठशे कापतील.

जयवंता : ते धरलंय मी या महिन्याच्या हिशोबात.